चार शेळ्या आणि दोन खोल्या

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघाले की नळदुर्गचा किल्ला मागे पडतो आणि पुढे उमरग्यापर्यंत काळ्या जमिनीचा मुलूख लागतो. उमरग्याला लागूनच लोहारा तालुका. जिल्हा धाराशिव, म्हणजे २०२३ पर्यंतचा उस्मानाबाद. काळी, लांब कानांची उस्मानाबादी शेळी याच मातीतली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरता सरता, या भागात आणि शेजारच्या किल्लारी परिसरात भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. जुन्या घरांच्या भिंती दगडमातीच्या, वर मातीचे जाड माळवद. उन्हाळ्यात थंडावा उत्तम. पण धक्क्याने भिंती फुटल्या आणि माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली.

अशा मुलखातल्या एका लहान वस्तीवर आम्ही दोघे कार्यकर्ते कामानिमित्त गेलो. "जयभीम दादा, बसा, भाकरी खाऊनच जावा," म्हणत एका ताईंनी घोंगडी टाकली. नवरा पुण्याला बांधकामावर, दोन मुले शाळेत. दारात चार शेळ्या, सहा-सात गावरान कोंबड्या आणि अर्धे झालेले दोन खोल्यांचे घर.

ताईंचा हिशेब कागदावर नव्हता, पण पक्का होता. शेळी पाच महिन्यांत विते, उस्मानाबादीला जुळी करडे पुष्कळदा होतात. "बोकड इकायचा, शेळी इकायची न्हाई. मूळ धरून ठिवायचं," त्या म्हणाल्या. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस, वेळेवर जंताचे औषध, बांधावर शेवरी आणि सुबाभूळ. कोंबड्यांना मानमोडीची लस. अंडी मुलांच्या ताटात आधी, बाजारात नंतर. गोठा घरापासून वेगळा, उंचवट्यावर आणि कोरडा. कारण ओल्या जागेत शेळी खोकते आणि घराला लागून बांधली तर मुलांच्या अंथरुणापर्यंत वास येतो.

घरकुलाचे अनुदान टप्प्याटप्प्याने मिळते. केंद्राच्या ग्रामीण आवास योजनेत २०१६ साली सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राज्याची रमाई आवास योजना आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावा लागला. तिथेच पैसा जास्त गेला. दाराच्या वरपर्यंत काम आले तेव्हा गवंडी म्हणाला, चारी भिंतींवरून फिरणारी सळई-काँक्रीटची पट्टी सोडून द्या, नुसते पत्रे टाकू, पैसे वाचतील.

ताईंनी ऐकले नाही. त्यांची थोरली जाऊ त्या पहाटे माळवदाखाली गेली होती. त्यांनी दोन बोकड बाजारात नेले आणि सळई आणली. अशी सलग पट्टी चारी भिंतींना एकत्र बांधून ठेवते. धक्का बसला तरी भिंती एकमेकींपासून सुटत नाहीत. दोन बोकडांच्या पैशात पोरांच्या डोक्यावरचे छप्पर सुरक्षित झाले.

पण त्याच वस्तीत पाच घरे अशी आहेत, की शेळ्या आहेत, कष्ट आहेत, पण घर गायरानावर. ग्रामपंचायतीत जागेची नोंद नाही, म्हणून अनुदानही नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला तो याच प्रश्नासाठी. २००४ पासून त्यांच्याच नावाची सबलीकरण योजना आहे. भूमिहीन दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यावी, असे तिच्यात आहे. योजना असणे आणि उतारा हातात पडणे यांत मात्र मोठे अंतर आहे.

बंधू-भगिनींनो, गावी भाऊ-भावजय घर बांधत असतील तर तीन गोष्टी आवर्जून विचारा. जागेचा उतारा कोणाच्या नावे आहे? भिंतींवर पट्टी घेतली का? शेळ्यांना लस दिली का? आणि उतारा निघत असेल तर त्यावर घरच्या बाईचे नाव लावून घ्या. शेळ्या तीच राखते, घरही तीच उभे करते.