विमा त्याचा संपलेला, भुर्दंड आपल्याला

पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्याकडे चारचाकी, दुचाकी, टेम्पो काहीही आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. आणि ज्यांनी जुनी गाडी नुसत्या स्टॅम्प पेपरवर विकलीय त्यांनी तर वाचाच.

विषय साधा आहे. रस्त्यावर तुमची काहीही चूक नसताना कुणी तुमच्या गाडीला ठोकलं आणि त्याच्या गाडीचा विमाच नसला तर नुकसान कोण भरतं? "ज्याने ठोकलं तो" हे शाळेतलं उत्तर झालं. खरं उत्तर असं की बरंचसं तुम्हीच भरता, फक्त ते तीन-चार वेगवेगळ्या वाटांनी तुमच्या खिशातून जातं, त्यामुळे पटकन लक्षात येत नाही. मी या दिवाळीनंतर हे सगळं पैशापैशाने मोजलंय, म्हणून आकड्यांसकट सांगतो.

नाशिकमध्ये सिग्नलला माझी गाडी उभी होती. मागून टोमॅटोचे कॅरेट भरलेली पिकअप आली आणि धडकली. डिकीचा दरवाजा आत गेला, काच फुटली, बंपर निखळला. सुदैवाने कुणाला लागलं नाही. चालवणारा बाविशीतला मुलगा. उतरल्या उतरल्या म्हणाला, "दादा, ब्रेक लागला नाही, मालकाला फोन लावतो." शिव्या द्यायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण तो इतका घाबरला होता की मीच त्याला पाणी दिलं. मग एम-परिवहन ॲपवर त्याच्या गाडीचा नंबर टाकला. विमा चौदा महिन्यांपूर्वी संपलेला. आणि मालक म्हणून ज्याचं नाव होतं तो, फोनवर बोलणारा मालक नव्हताच.

पोलीस चौकीत पहिला प्रश्न, "कुणाला लागलंय का?" नाही. "मग मिटवून घ्या की आपसात." त्या हवालदारांचाही राग नाही आला. त्यांच्या टेबलावर त्या दिवशी दोन खरे अपघात होते, माणसं दवाखान्यात होती. पण मी नोंद केल्याशिवाय उठणार नाही म्हटल्यावर डायरीत नोंद झाली, त्याची प्रत मिळाली. टेम्पोच्या मालकाने, म्हणजे सध्याच्या, तीन हजार देऊ केले. "साहेब, सीझन नाही, भाव पडलेत, हप्ता थकलाय." तेही खोटं नसावं.

आता हिशोब. माझी गाडी साडेचार वर्षांची, १२०० सीसीची. गॅरेजचं बिल ५६,००० रुपये. माझा विमा पूर्ण, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारा. मग अडचण काय? अडचण घसाऱ्याची. झिरो डेप नावाचं जास्त पैशांचं कलम घेतलेलं नसेल तर प्लास्टिक-रबराच्या भागांवर निम्मी रक्कम कापतात. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कापतात, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के. काचेवर काही कापत नाहीत. रंगाच्या बिलातला चौथा हिस्सा साहित्याचा धरतात आणि त्याचे निम्मे कापतात.

बंपर आणि प्लास्टिक १२,००० : कापले ६,०००.
डिकी आणि पत्रा २०,००० : कापले ७,०००.
काच ५,००० : काही नाही.
रंगकाम १२,००० : कापले १,५००.
मजुरी ७,००० : काही नाही.
शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे सक्तीचे १,००० रुपये आपले.

म्हणजे १५,५०० माझे, ४०,५०० विमा कंपनीचे. इथे बरेच जण म्हणतात, "चला, चाळीस तर मिळाले." थांबा. पुढचा भाग कुणी सांगत नाही. सलग वर्षं क्लेम घेतला नाही तर प्रीमियममध्ये सूट मिळते, नो क्लेम बोनस. ती २०, २५, ३५, ४५ अशी चढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. मी ४५ वर होतो, पुढच्या नूतनीकरणाला ५० झाली असती. क्लेम घेतला की शून्य. चूक कुणाची होती हे तिथे बघत नाहीत. बोनस "नो क्लेम"चा आहे, "नो चूक"चा नाही.

माझ्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा मूळ प्रीमियम साधारण ९,००० धरा, आणि सोयीसाठी तो तेवढाच राहील असं समजा. पुढच्या वर्षी सुटीचे ४,५०० गेले. त्यानंतर ५० ऐवजी २० टक्के म्हणून २,७००, मग २,२५०, मग १,३५०, मग ४५०. पाच वर्षांत ११,२५०. आधीच्या १५,५०० मध्ये मिळवा. २६,७५० रुपये. वर बारा दिवस गाडी गॅरेजला, आईच्या डायलिसिसला जायला-यायला रिक्षा. ती मी यात धरलेलीच नाही.

त्याच्या बाजूचा हिशोब बघा. अशा छोट्या मालवाहू गाडीचा, म्हणजे एकूण वजन साडेसात टनांपर्यंतच्या, थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा दर २०२२ साली ठरला तो १६,०४९ रुपये, कर वेगळा. विमा नसताना पकडलं गेल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ खाली पहिल्या वेळी दंड २,००० रुपये, पुन्हा सापडल्यास ४,०००. तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे, पण तिच्या भीतीने विमा काढलेला माणूस मला अजून भेटायचाय. वर्षातून एकदा पकडलं गेलं तरी दंड भरणं सात-आठपट स्वस्त. ज्याचा हप्ता थकलाय तो यातलं काय निवडेल हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. देशातल्या रस्त्यांवरची निम्म्याहून जास्त वाहनं विम्याविना आहेत हे संसदेच्या स्थायी समितीच्या अहवालातही येऊन गेलंय. त्यात मोठा वाटा दुचाकींचा. नवीन घेताना २०१८ पासून दुचाकीला पाच वर्षांचा आणि कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावाच लागतो, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. ती मुदत संपली की बऱ्याच जणांच्या डोक्यातूनच विषय जातो. १५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा दर ७१४ रुपये आहे, ७५ सीसीच्या आतल्यांचा त्याहून कमी. म्हणजे दिवसाला दोन रुपयांच्या आत. कटिंग चहाही येत नाही त्यात.

मग दावा लावायचा का? कायद्यात वाट आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात फक्त मृत्यू आणि इजेचेच नाही, मालमत्तेच्या नुकसानीचेही अर्ज चालतात. आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो. मुदत सहा महिने. निकाल लागून पैसे दिले नाहीत तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. समोरच्याचा विमा असता तर हे सगळं त्याच्या विमा कंपनीने बघितलं असतं, कारण थर्ड पार्टी पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान साडेसात लाखांपर्यंत धरलेलं असतं, दुचाकीच्या पॉलिसीत एक लाखापर्यंत. विमा नाही म्हटल्यावर उरतो तो माणूस. ओळखीच्या वकिलांनी स्पष्ट सांगितलं, "साडेपंधरा हजारांसाठी किती तारखा करणार? आणि एक लक्षात ठेवा, विमा कंपनीने जे दिलं ते तुम्हाला परत मागता येणार नाही. ते मागायचा हक्क आता कंपनीचा." कंपनी चाळीस हजारांसाठी टेम्पोवाल्याच्या मागे जाईल का? सर्व्हेअर नुसते हसले.

मी नोटीस पाठवली. ती कायद्याप्रमाणे गेली आरसीवर नाव असलेल्या माणसाला. आणि इथे हे प्रकरण माझ्या डिकीपेक्षा मोठं झालं.

चार दिवसांनी ते काका मुलाला घेऊन घरी आले. साठीचे, द्राक्षवाले, बागेवरून थेट आलेले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पिकअप गावातल्याच एकाला विकली होती. रोख पैसे, स्टॅम्पवर सह्या, आरटीओच्या फॉर्मांवरही सह्या करून दिलेल्या. घेणाऱ्याने ते फॉर्म आरटीओत दिलेच नाहीत. काका म्हणाले, "भाऊ, गाडी माझी नाही, ड्रायव्हर माझा नाही, मी त्या दिवशी नाशकातही नव्हतो. माझा संबंध काय?"

संबंध आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केलंय की परिवहन खात्याच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. मधल्या मध्ये गाडी कितीही हातांतून फिरली तरी भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. विकणाऱ्याने हस्तांतर राज्यातल्या राज्यात असेल तर चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यांचा मुलगा फोनवर वाचत होता, त्याचा चेहरा उतरला. काका थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी सिग्नलला तुमच्या गाडीच्या जागी मोटारसायकलवर कुणी असतं, तर माझी बाग गेली असती."

हो, काका. गेली असती. तरणा, कमावता माणूस अपघातात गेला तर भरपाई त्याच्या वयावर आणि उत्पन्नावर ठरते, ती काही लाखांत, कधी कोटीच्या घरात जाते. विमा असेल तर कंपनी भरते. नसेल तर त्या विधवेच्या हातात निकालाचा कागद आणि या काकांच्या सातबाऱ्यावर बोजा. दोन घरं एका वेळी बसतात. बरं, अज्ञात वाहनाने उडवलं तर सरकारी योजनेतून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. पण इथे वाहन माहीत आहे, नंबर माहीत आहे, म्हणून ती योजना लागू नाही. उपचारांसाठी दीड लाखापर्यंतची कॅशलेस योजना २०२५ साली आली, ते चांगलंच झालं. पण ती दवाखान्याच्या बिलापुरती आणि पहिल्या सात दिवसांपुरती. पुढे घर कशावर चालायचं?

त्यानंतर जे झालं ते कायद्याने नाही, काकांच्या भीतीने झालं. त्यांनी घेणाऱ्याला गावात चार माणसांत बसवलं. माझ्याशी १५,५०० वर लेखी ठरलं, हप्त्याने. माझी अट एकच होती, आधी विमा काढायचा आणि गाडी नावावर करून घ्यायची, मग माझे पैसे. विमा निघाला, मी ॲपवर बघितला. नाव लागलं. मला आजवर दहा हजार आलेत. साडेपाच हजार येणं आहे. बोनसचे सव्वाअकरा हजार कुणाकडून मागायचे, ते मी सोडून दिलेत.

"गरिबाच्या मागे कशाला लागलास?" असं दोघा-तिघांनी विचारलं. मलाही तो प्रश्न पडला होता. पण विमा ही श्रीमंताची चैन आणि गरिबाला त्यात माफी, असं मानलं तर मार कुणाला बसतो ते बघा. सिग्नलला कारच्या मागच्या सीटवरच्याला नाही. सायकलवाल्याला, पायी चालणाऱ्याला, दुचाकीवरच्या तिघांना. विम्याविना फिरणाऱ्या गाडीची खरी किंमत रस्त्यावरचा सगळ्यात उघडा माणूस मोजतो.

सरकारकडे नवीन कायदा मागायची गरज नाही. आहे तो वापरा. विम्याची माहिती वाहन प्रणालीत आहे, चौकाचौकात कॅमेरे आहेत, सिग्नल तोडल्याचं चलन घरी येतं, मग विमा संपल्याचं तितक्याच नेमाने का येऊ नये? दंड प्रीमियमपेक्षा स्वस्त असता कामा नये. आणि दिल्लीच्या नियमात आहे तसं विमा नसलेली, अपघातात सापडलेली गाडी मालकाने पुरेशी हमी दिल्याशिवाय सोडायची नाही, तीन महिन्यांत हमी आली नाही तर लिलाव करून पैसे न्यायाधिकरणात भरायचे. हा नियम सगळ्या राज्यांनी करावा असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितलंय. मी चौकीत विषय काढला तेव्हा उत्तर आलं, "ते मयताच्या केसमध्ये बघू." दिल्लीच्या नियमात मालमत्तेचं नुकसानही लिहिलेलं आहे.

आपल्यावर अशी वेळ आली तर :

१. जागेवरच फोटो काढा. नंबरप्लेट, दोन्ही गाड्या, लायसन्स, आरसी.
२. ॲपवर विमा आणि मालकाचा तपशील बघा, स्क्रीनशॉट ठेवा. आरसीवरचं पूर्ण नाव आणि पत्ता कागदावरून लिहून घ्या.
३. पोलिसांत नोंद करा, प्रत घ्या. "आमची तक्रार नाही" अशा कागदावर पैसे हातात आल्याशिवाय सही करू नका.
४. दुरुस्तीला हात लावायच्या आधी आपल्या विमा कंपनीला कळवा. नुकसान थोडं असेल तर क्लेम घेण्याआधी बोनसचा हिशोब मांडा, कधी कधी खिशातून भरणं स्वस्त पडतं.
५. तडजोड लेखीच करा.

आणि हे सगळं होण्याआधीचं एक काम आज रात्रीच करा, पाच मिनिटं लागतील. स्वतःच्या गाडीचा नंबर टाका. बाबांच्या स्कूटीचा टाका. घरी दूध टाकणाऱ्या पोराच्या गाडीचा त्याला विचारून टाका, संपला असेल तर त्याला सांगा, जमलं तर त्याचे सातशे रुपये भरा. आणि गेल्या दहा वर्षांत तुम्ही विकलेल्या प्रत्येक गाडीचा टाका. अजून तुमचंच नाव दिसलं, तर उद्या सकाळी आरटीओ.