दातांचा हिशेब

पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाने दातांची चौकशी आरंभिली की ऐकणाऱ्याची समजूत ठरलेलीच असते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही कचेरीतून कोणास तरी फोनवर "पुढे तीस दात ठेवले आणि मागे एकावन्न, तर झेपेल का?" असे विचारीत होतो. तेव्हा शेजारच्या मेजावरील सद्गृहस्थांनी मोठ्या सहानुभूतीने एका दंतवैद्याचा पत्ता आमच्यापुढे सरकविला. हे दात आमचे नसून आमच्या सायकलीचे आहेत, हे कळल्यावर त्यांची सहानुभूती ओसरण्याऐवजी वाढलीच.

आम्ही देहरादूनला बदलून आलो त्यास आता सहा वर्षे झाली. आल्याआल्याच आम्ही डोंगरात चालणारी एक सायकल घेतली. कारण इतकेच की पुण्यात वाढलेल्या माणसाला सायकलीवाचून गाव आपले वाटत नाही. येथे तर राजपूरपासून झडीपानीकडे चढणारी जुनी वाट उशाशीच होती. मोटाररस्ता होण्यापूर्वी मसुरीला जाणारे लोक याच वाटेने घोड्यावरून, डांडीतून किंवा पायी जात. आमच्या सायकलीला पुढे २२, ३२ व ४४ दातांची तीन चक्रे आणि मागे ११ पासून ३४ दातांपर्यंतची नऊ चक्रे होती. तीन नवे सत्तावीस. एवढ्या पर्यायांची सोय सरकारी नियमावलीतही क्वचितच असते.

परंतु पर्याय अनेक असले म्हणजे ऐनवेळी योग्य तो सापडतोच असे नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच वाटेवर एका वळणानंतर चढ अकस्मात उभा राहिला. आम्ही डाव्या हाताची कळ दाबून पुढची साखळी ३२ वरून २२ वर आणू पाहिली. पायांवर सारा भार असता असे करू नये, हे आम्हांस वाचून ठाऊक होते. साखळी २२ वर न थांबता आत गळून पडली, पॅडल एकदम पोकळ फिरले, आणि आम्ही उजव्या गुडघ्यावर दगडांत आलो. परतीचा प्रवास भाजीच्या एका गाडीतून झाला.

डॉक्टरांनी पुष्कळ तपासण्यांनंतर सांगितले, "चढ वर्ज्य नाही, जोर वर्ज्य आहे." सौभाग्यवतींचे मत याहून स्पष्ट होते. "अहो, मसुरीला बस जाते, ठाऊक आहे ना?" आम्ही काही बोललो नाही. निवृत्तीला दीड वर्ष उरले होते; त्यानंतर पुण्यास परतावयाचे. म्हणजे ती वाट चढण्याजोगे शरद ऋतू फार तर दोन शिल्लक होते.

तेव्हा आम्ही डॉक्टरांचे वाक्य घेऊन हिशेबास बसलो. हिशेब सोपा आहे. पुढच्या दातांना मागच्या दातांनी भागावे आणि चाकाच्या परिघाने गुणावे. पॅडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते ते निघते. हे अंतर जितके कमी, तितका गुडघ्यास आराम. आमच्या चाकाचा परीघ सुमारे २.३ मीटर. जुन्या रचनेत सर्वांत हलका गिअर २२ भागिले ३४, म्हणजे १.४९ मीटर. हल्लीच्या पद्धतीत पुढे एकच चक्र असते, बहुधा ३२ दातांचे, आणि मागे मोठ्यात मोठे ५१ दातांचे, उत्तर १.४४ मीटर. सगळी यंत्रणा बदलून लाभ पाच सेंटिमीटरांचा! त्या दिवशी आम्ही वही मिटून ठेवली.

तथापि साखळी पडली होती ती दातांच्या संख्येमुळे नव्हे, पुढची चक्रे बदलताना. पुढे चक्रच एक असेल तर तो प्रसंगच उद्भवत नाही. २०१२ साली अमेरिकेतील स्रॅम कंपनीने एकाच चक्राची जी रचना बाजारात आणली, तिच्यात दात आळीपाळीने जाड व बारीक असतात. साखळीचे दुवेही तसेच रुंद व अरुंद असल्याने जाड दात रुंद दुव्यात घट्ट बसतो आणि साखळी सहसा निसटत नाही. शिवाय ३२ ऐवजी ३० दातांचे चक्र लावले तर अंतर १.३५ मीटरवर येते. हे मात्र गुडघ्याला जाणवावे इतके होते.

याची किंमत वरच्या टोकाला द्यावी लागते. मिनिटास ८० फेऱ्यांच्या गतीने जुनी सायकल ४४ आणि ११ दातांवर ताशी ४४ किलोमीटर जाऊ शके. ३० आणि ११ वर ती ३० च जाणार. आम्ही मनाशी विचार केला, आपण ताशी ४४ ने पॅडल मारीत शेवटचे केव्हा गेलो होतो? उत्तर आले नाही. तरीही तो गिअर सोडताना मन खट्टू झालेच. कधीही न वापरलेला अधिकार काढून घेतला तरी माणसाला लागते.

मग प्रश्न आला प्रतवारीचा. जपानच्या शिमानो कंपनीची टूर्नी, अल्टस, असेरा, अलिव्हिओ, देओरे, एसएलएक्स, एक्सटी, एक्सटीआर ही चढती भाजणी पाहून आम्हांस वेतनश्रेणींचीच आठवण झाली. त्यांतल्या अल्टस, असेरा व अलिव्हिओ या तीन श्रेणी २०२३ साली क्यूज या एका नावाखाली आणण्याचे ठरले, तेव्हा तेथेही विलीनीकरण चुकले नाही असे वाटून गेले. बिनतारी, विजेरीवर चालणारे गिअरही निघाले आहेत. परंतु बिनविजेच्या संध्याकाळी कचेरीत काढलेल्या माणसास त्यांचा मोह पडत नाही.

आमचे मन देओरेच्या बारा चक्री संचावर बसले होते. पलटण बाजारामागच्या आमच्या वृद्ध मिस्त्रींनी मागचे चाक काढून हबवरून बोट फिरविले आणि मान हलविली. बारा चक्रांच्या त्या कॅसेटला, जिचे लहान चक्र १० दातांचे, हबची निराळी खाच लागते. आमच्या हबवर ती बसणार नव्हती. उलट अकरा चक्रांची, ११ ते ५१ दातांची देओरे कॅसेट जुन्याच हबवर सुखाने बसते. "साहब, चढ़ाई में तो इक्यावन ही काम आएगा," ते म्हणाले, "वह दोनों में है." एवढ्याने बाराव्या चक्राचा निकाल लागला.

त्यांनी आणखी दोन गोष्टी बजावल्या. हँडलची कळ आणि मागचा डिरेल्युअर एकाच कुळातले घ्यावेत. कळीच्या एका टिचकीत तार ठराविकच ओढली जाते आणि डिरेल्युअर तिच्या ठराविक पटीतच सरकतो. दोघांचे गणित भिन्न असले तर साखळी दोन चक्रांच्या मधोमध घुटमळत राहते. दोन भिन्न खात्यांच्या मध्ये अडकलेली फाइल ज्याने पाहिली आहे त्यास अधिक सांगणे नलगे. दुसरे, डिरेल्युअर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर नावाचा मऊ धातूचा तुकडा जादा घेऊन ठेवावा. दगडाचा मार बसला तर सांगाडा वाचावा म्हणून आधी त्यानेच वाकावे, अशी त्याची योजना असते. मात्र तो प्रत्येक सायकलीचा निराळा, आणि बदलीच्या गावी मिळेलच असे नाही. आम्ही दोन घेतले.

हलका गिअर घेण्यात कमीपणा वाटण्याची रीत जुनीच आहे. फ्रान्समध्ये व्हेलोसिओ या नावाने लिहिणारा पॉल द व्हिव्ही गिअरांचा कैवार घेऊन आयुष्यभर डोंगर चढत राहिला. परंतु टूर द फ्रान्स सुरू करणाऱ्या आंरी देग्रांज यांना गिअर ही दुबळ्यांची सोय वाटे. मातब्बर स्पर्धकांना घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचे चाक उलटे बसवावे लागे, म्हणजे दुसऱ्या बाजूचे मोठे चक्र कामास येई. डिरेल्युअरला तेथे मोकळीक मिळाली ती १९३७ साली. ते पाहावयास व्हेलोसिओ नव्हता. १९३० मध्येच तो निवर्तला होता.

आमच्या वडिलांना यांपैकी काहीच ठाऊक नव्हते. त्यांच्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दात होते, गिअर एकच. कात्रजचा घाट आला की ते उतरत, विजारीची क्लिप काढून खिशात टाकीत आणि सायकल हाताने ढकलीत आमच्याशी गप्पा मारीत चालू लागत. त्यांना त्यात हार झाल्यासारखे वाटलेले आम्ही कधी पाहिले नाही.

ऑक्टोबरातील एका रविवारी पहाटे आम्ही राजपूर सोडले. गेल्या वेळच्या वळणापाशी उजव्या अंगठ्याने कळ दाबली. साखळी कुरकुर न करता ५१ वर चढली. मिनिटास ६० फेऱ्या आणि फेरीला १.३५ मीटर, म्हणजे ताशी पाच किलोमीटरांहूनही कमी. पाठीवर गवताचा भारा घेतलेली एक वृद्धा आमच्या बरोबरीने चालत होती. काही वेळाने तिने विचारले, "धक्का दूँ, बेटा?" आम्ही नको म्हटले आणि तिच्या मागोमाग ते वळण पार केले. गुडघा गप्प होता.

झडीपानी दिसू लागल्यावर अखेरचा चढ आला. अंगठ्याने आपोआप पुन्हा कळ दाबली. ती हलली नाही. एकावन्नाच्या पुढे दात नव्हते. आम्ही उतरलो, टोपी काढून खिशात टाकली आणि सायकल हाताने ढकलीत चालू लागलो.