वस्तऱ्याचा पट्टा

वस्तऱ्याला धार लावण्याच्या विषयावर आम्ही लिहावयास बसलों आहों हें पाहून आमच्या चिरंजीवांनीं भुवया वर चढविल्या. त्यांच्या हातीं पांच पात्यांचें यंत्र असतें. तें बोथट झालें कीं फेंकून द्यावयाचें, एवढेंच त्यांना ठाऊक. गांवांतल्या केशकर्तनालयांतही आतां जुना वस्तरा दिसत नाहीं. एड्सची भीति पसरल्यानंतर कारागिरांनीं अर्धें पातें बसवावयाचा वस्तरा पत्करला. दर गिऱ्हाइकाला नवें पातें. हें योग्यच झालें, त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु त्याबरोबर खुंटीवरचा पट्टा गेला, आणि त्या पट्ट्याशीं आमचा एक जुना हिशेब राहून गेला आहे.

1957 सालीं आम्ही दहा वर्षांचे होतों. इचलकरंजी तेव्हांही मागांचीच होती. विठ्ठलराव दातारांनीं 1904 सालीं येथें पहिला यंत्रमाग आणला, तेव्हांपासून गांवाच्या कानांत बसलेली खटखट अद्याप सुटलेली नाहीं. त्या खटखटींतून दर रविवारीं सकाळीं नाना बगलेंत धोकटी मारून आमच्याकडे येत. सारी आळी त्यांना नानाच म्हणे. ओसरीच्या खांबाला ते पट्टा अडकवीत. पट्टा दुहेरी, एक पदर गुळगुळीत चामड्याचा, दुसरा जाड विणीच्या कापडाचा. मोकळें टोक ताणून धरण्याचा मान आमचा. हात जरा सैल पडला कीं नाना थांबत. "बाळ, झोळी नको. झोळी झाली कीं धार गोल होते." वस्तऱ्याची पाठ पुढें, धार मागें, टोकाशीं पोंचल्यावर पाठीवरच कूस बदलावयाची. धार पुढें घातली तर पट्टाच चिरला जावयाचा.

चामड्याचें काम रोजचें आणि सौम्य. वांकलेली धार सरळ करावयाची, इतकेंच. निसण्यावर वस्तरा क्वचितच चढे. मधली पायरी कापडाची. त्यावर दोन-तीन महिन्यांतून एकदां नाना तांबडी वडी लावीत. ही वडी हुपरीची. चांदीच्या कारागिरांचें हें गांव आमच्यापासून जवळच. दागिन्यांना शेवटची झिलई देण्यासाठीं ते जी तांबडी पूड वापरतात, तिचीच ही बांधलेली वडी. ही पूड म्हणजे लोहाचें ऑक्साईड, गंजाची सख्खी बहीण. जो गंज वस्तरा खातो त्याच्याच नात्यांतली पूड त्याला धार देते, ही मौज आम्हांला पुढें रसायनशास्त्राच्या वर्गांत कळली. हल्लींचे हौशी लोक हिरवी वडी पसंत करतात. ती क्रोमियमच्या ऑक्साईडची असते आणि पोलादाला अधिक लागू पडते.

नाना वडी कापडावर नुसती फिरवीत, पाटीवर पेन्सिलीच्या चार रेघा ओढाव्या तशी. मग तळव्याची ऊब देऊन ती इतकी पसरीत कीं, कापडाचा रंग बदलल्याचा केवळ भास व्हावा. "सुताला खळ असते तशी ही," ते म्हणत. मागांच्या गांवांत ही उपमा पोरालाही समजे. खळ कमी पडली तर ताणा तुटतो. अधिक झाली तर सूत काडीसारखें ताठ होऊन तुटतेंच.

पण उपमा समजणें निराळें आणि हात आवरणें निराळें. आमचे मामा हुपरीला असत. त्यांच्या शेजारच्या कारखान्यांतून आम्हीं एक तपकिरी वडी मिळविली. चांदीवरचे ओरखडे प्रथम घासून काढण्याची, भरड कणांची वडी ती. आम्हांला मात्र वडी तेवढी सारखी. नाना चहाला आंत गेले असतां त्यांना चकित करावें म्हणून ती आम्हीं पट्ट्यावर चांगली खरवडून फांसली, आणि तीही कापडावर नव्हे, चामड्यावर. पुरुषांच्या हजामती उरकल्या होत्या. बेताच्या उजेडांत नानांनीं चामड्यावर आठ-दहा हात मारले आणि ते परसांत गेले.

परसांत आमच्या आत्याआजी तांबडें आलवण नेसून बसलेल्या असत. बालपणींच वैधव्य आलेलें. घरच्यांनीं पुष्कळदां सांगूनही त्यांनीं केशवपन सोडलें नव्हतें. त्या दिवशीं वस्तरा पहिल्याच फेऱ्याला ओढला गेला आणि कपाळाच्या वर रक्ताची बारीक रेघ उमटली. त्या हूं कीं चूं न करतां म्हणाल्या, "नाना, आज हात जड आहे कां?" नानांनीं वस्तरा उन्हांत धरून पाहिला, मग स्वतःचीं बोटें पाहिलीं, मग आमच्याकडे पाहिलें. "चूक माझी, आत्याबाई," ते म्हणाले, आणि त्यांनीं तुरटी फिरविली. चामड्यांत शिरलेले कण धुऊन निघत नाहींत. पुढच्या रविवारीं ते नवा पट्टा घेऊन आले. त्याची किंमत आमच्या घरीं कोणीं विचारली नाहीं. विचारण्याचें कारण आम्हीं कोणाला कळूं दिलें नाहीं.

मुंबईच्या नाभिकांनीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें 1890 सालीं विधवांचें केशवपन न करण्याचा निश्चय केला होता, हें आम्हीं कॉलेजांत असतांना वाचलें. त्याच वर्षीं हरि नारायणांचें 'करमणूक' निघालें आणि त्यांतून 'पण लक्षांत कोण घेतो?' क्रमशः येऊं लागली. पांढरपेशे वाचक डोळे पुसत होते, त्याच सुमारास हत्यारवाल्यांनीं हत्यार खालीं ठेवलें होतें. हें वाचून आम्हांला स्फुरण चढलें आणि सुटींत घरीं येतांच आम्हीं नानांना विचारलें, "नाना, तुम्हीं हें काम कां केलेंत?" आत्याआजी तेव्हां हयात नव्हत्या.

नाना बराच वेळ पट्टा गुंडाळीत राहिले. "मी नाहीं म्हटलें असतें तर त्यांनीं दुसऱ्याला बोलावलें असतें," ते म्हणाले. "त्याचा वस्तरा कसा असता, कोण जाणे." आणि थोडें थांबून, "त्या एका रविवारीं मात्र माझाही तसलाच निघाला." आम्ही काय तें सांगून टाकणार होतों; तोंच त्यांनीं हातानें थांबविलें. त्यांना सांगण्याची गरज नव्हती.

त्यांच्या मागें तो सोलिंगेनचा वस्तरा त्यांच्या मुलानें आम्हांला आणून दिला. काल त्याच्यासाठीं आम्हीं कापडावर चार रेघा ओढल्या. रंग अधिक दिसला, म्हणून फडक्यानें पुसून काढून पुन्हा दोनच ओढल्या. मोकळें टोक धरावयास चिरंजीवांना बोलावलें होतें. त्यांचें लक्ष दुसरीकडे होतें, आणि पट्टा मध्यें खालीं आला होता.

"झोळी नको," आम्ही म्हणालों.