मेम्फिसची उतरती जमीन

मेम्फिसला येणारे बरेच प्रवासी एल्विस प्रिस्लीचे घर पाहतात, मिसिसिपीचे विशाल पात्र डोळ्यांत साठवतात आणि परततात. वाचकहो, आपण तेवढ्यावर समाधान मानू नये. गावाच्या दक्षिणेस ईस्ट मॅक्‌लेमोर ॲव्हेन्यू नावाचा एक साधासुधा रस्ता आहे. 'सोल' हे गाणे ज्याला नव्याने ऐकायचे असेल, त्याने आधी तिथे जावे. देहाने न जमले तर निदान मनाने.

गेल्या वर्षी मी तिथे गेलो तो नॅशव्हिलच्या मावसभावाच्या मोटारीतून. "दादा, तू मराठीचा प्राध्यापक! तुला हे ठेक्याचं गाणं कशाला हवंय?" असे त्याने वाटेत तीनदा विचारले. उत्तर त्याला तिथल्या संग्रहालयाने दिले. आत शिरताच समोर उभे राहते ते मिसिसिपी राज्यातून आणलेले, शंभर वर्षांहून जुने लाकडी प्रार्थनामंदिर! निग्रो समाजाच्या अशा मंदिरांत एकाने हाक द्यायची आणि सगळ्यांनी ओ द्यायची. टाळकऱ्यांनी उचललेले ध्रुपद ज्याने लहानपणी ऐकले आहे, त्याला याहून अधिक काय समजावायचे? सोलमध्ये पुष्कळदा देवाच्या जागी प्रियजन आले. आर्तता तीच राहिली.

पुढे लागते ते ध्वनिमुद्रणाचे दालन. मुळात हे एक बंद पडलेले चित्रपटगृह. बँकेत नोकरी करणारा, फिडल वाजवणारा जिम स्ट्युअर्ट आणि त्याची थोरली बहीण एस्टेल ॲक्सटन या गोऱ्या भावंडांनी १९६० साली ते भाड्याने घेतले. यंत्रासाठी बहिणीने राहते घर गहाण टाकले होते. दोघांच्या आडनावांतून पुढे 'स्टॅक्स' हे नाव निघाले. खुर्च्या काढल्या, पण उतरती जमीन तशीच ठेवली आणि तिथल्या आवाजाला एक वेगळाच भरदारपणा आला. दर्शनी भागात एस्टेलबाईंनी तबकड्यांचे दुकान थाटले. वस्तीतली पोरे तिथे जमत; नवे गाणे ऐकून त्यांचे पाय हलतात का, हे बाई न्याहाळीत.

त्या वेळी शहरात काळे आणि गोरे यांनी एका टेबलाशी जेवणेही दुरापास्त होते. या दालनात मात्र काळे व गोरे वादक एकत्र साथ करीत. नवख्या श्रोत्याने आरंभ करावा तो त्यांच्या 'ग्रीन ऑनियन्स'ने (१९६२). शब्द नाहीत, नुसता बुकर टी. जोन्सचा ऑर्गन आणि स्टीव्ह क्रॉपरची गिटार. मग एडी फ्लॉइडचे 'नॉक ऑन वुड' (१९६६) ऐकावे. ते फ्लॉइड व क्रॉपर यांनी रचले लॉरेन मोटेलमध्ये. त्यानंतर सॅम व डेव्ह यांचे 'सोल मॅन' (१९६७). त्यात हाक आणि ओ स्वच्छ ऐकू येते.

ओटिस रेडिंग शेवटी ठेवावा. १९६२ साली दुसऱ्या एका वादकाला मोटारीतून घेऊन तो इथे आला, उरलेल्या वेळात त्याला गाऊ दिले, आणि 'दीज आर्म्स ऑफ माइन' जन्मले. १० डिसेंबर १९६७ रोजी विमान अपघातात तो गेला; वय अवघे सव्वीस. काही दिवस आधी मुद्रित केलेले 'द डॉक ऑफ द बे' त्याच्या पश्चात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच्या अखेरीची शीळ सावकाश ऐकावी.

पुढच्याच वर्षी, ४ एप्रिल १९६८ रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, ती त्याच लॉरेन मोटेलमध्ये! शहर पेटले. स्टॅक्समध्येही मने पूर्वीसारखी राहिली नाहीत. १९७५ साली कंपनीचे दिवाळे निघाले आणि १९८९ साली ती वास्तूही पाडली गेली. आज दिसते ती त्याच जागी २००३ साली उघडलेली प्रतिकृती. जमीन मात्र मुद्दाम उतरतीच बांधली आहे.

एकत्र गायल्याने माणसांमधली दरी बुजते, असे म्हणण्याचा धीर मला होत नाही. पण ती काही वर्षे तरी ओलांडता आली, याचा पुरावा त्या तबकड्यांत आहे. संग्रहालयाशेजारी आता वस्तीतल्या मुलांसाठी संगीतशाळा चालते. भावाने परतीच्या वाटेवर मोटारीत 'ग्रीन ऑनियन्स' लावले आणि पुन्हा काही विचारले नाही.