एकेरी सुई

तबकड्या वाजवायचे कार्ट्रिज घेताना माणूस आपल्या तबकड्यांची जातकुळी क्वचितच पाहतो. मिळेल ते स्टीरिओ कार्ट्रिज घेऊन येतो. जे दोन आवाज वाजवते त्याला एक वाजवता येणार नाही काय, असा हा सरळ हिशेब! तो कुठे फसतो, हे लातूरच्या धुळीत राहणाऱ्याला लवकर कळते.

आमच्याकडच्या तबकड्या मूळच्या नांदेडच्या, वडिलांनी जमवलेल्या. थोड्या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, बाकीच्या लाँगप्ले. त्यांतली एकेरी कोणती नि स्टीरिओ कोणती, हे वेष्टनावरचा क्रमांक सांगतो. एच.एम.व्ही.च्या शास्त्रीय संगीताच्या तबकड्यांत ‘ईएएलपी’ म्हणजे एकेरी, ‘ईएएसडी’ म्हणजे स्टीरिओ. अमीर खाँसाहेबांची १९६० सालची मारवा-दरबारीची तबकडी पहिल्या जातीची.

एकेरी तबकडीत सूर साठवलेला असतो तो सुईच्या आडव्या डुलण्यात. सुई डावी-उजवीकडे झुलते. वर-खाली होण्याचे तिला काही कारणच नसते. १९५८ च्या सुमारास स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि खाचेच्या दोन भिंती दोन वेगळे आवाज वाहू लागल्या. तेव्हापासून सुईला उभे हलणेही ऐकावे लागले. अशी सुई एकेरी तबकडीवर ठेवली की ती सवयीने उभेही ऐकते. पण तिथे गाणे नाहीच. तिथे आहे धूळ, ओरखडे, आणि जुन्या जड सुयांनी केलेली झीज.

धूळ म्हणाल तर आमच्याकडे वाण नाही. तबकडी धुवावी हा त्यावरचा उत्तम उपाय. पण एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आले, त्या उन्हाळ्यात ‘रेकॉर्डी धुतो’ असे शेजाऱ्यांसमोर म्हणण्याची कुणाची छाती होती?

हे सगळे मी सोसले असते. पण नांदेडला आक्का आहे. ऐंशी उलटली, एक कान गेलेला, दुसऱ्यात यंत्र. यंत्राला बिचाऱ्याला गाणे कोणते नि खरखर कोणती, ते कळत नाही. मारवा म्हणजे षड्जाची वाट पाहायला लावणारा राग; त्या वाट पाहण्यातच सगळी खरखर येऊन बसायची. आक्का एकदा म्हणाली, “नुसती फोडणी ऐकू यायलीय रे! खाँसाहेब कुठंयत?” पुढे तिने तबकडी लावायला सांगणेच सोडले.

ज्यांच्या अॅम्प्लिफायरला ‘मोनो’ बटण आहे त्यांनी आधी ते दाबून पाहावे. दोन्ही बाजू एकत्र झाल्या की उभ्या हालचालीचा आवाज बराचसा आपसांत कटतो. बरेचसे काम फुकटात होते. आमच्या यंत्राला ते नव्हते. मग कार्ट्रिज शोधणे आले. मोनो म्हणून विकली जाणारी काही आतून स्टीरिओच असतात, तारा तेवढ्या जोडलेल्या. तेही वाईट नाही. काही मात्र जन्मानेच एकेरी. जपानच्या डेनॉनची डीएल-१०२ तशी: मागे चारऐवजी दोनच टोके, सुईचा भार तीन ग्रॅम, आणि चुकून स्टीरिओ तबकडीवर ठेवली तरी खाच खरवडणार नाही इतपत उभी लवचीक. जुन्या एकेरी कार्ट्रिजांत हा गुण बहुधा नसे.

तिची सुई १७ मायक्रॉनची. जाणकार म्हणतात, जुन्या लाँगप्लेला २५ ची हवी. खरे आहे, पण वडिलांच्या जड सुईने आमच्या खाचांचा वरचा भाग आधीच घासून ठेवलेला. बारीक सुई जरा खाली बसते, तिथे भिंत अजून कोरी असते. मी १७ च पत्करली. लाखेच्या तबकड्यांना यांतली एकही चालत नाही. त्यांची खाच रुंद, तिला ६५ ते ७५ मायक्रॉनची सुई लागते, नाहीतर सुई तळाशी लोळते. तो खर्च पुढच्या वर्षी.

दोन टोकांच्या तारा फोडून डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना द्याव्या लागतात. ते काम लातूरच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने पाऊण तासात केले आणि पैसे घेताना विचारले, “इतकं करून आवाज एकच येणार ना?”

नांदेडला आक्कासमोर मारवा लावला. खरखर समूळ गेली असे नाही. ती मागे सरली, पावसाळी रात्री दूरच्या पत्र्यावर पाऊस पडावा तशी. आक्का भिंतीला टेकून ऐकत होती. बाजू संपली. मी दरबारीसाठी तबकडी उलटवू लागलो.

“थांब,” ती म्हणाली, “हीच परत लाव.”