धिराची माणसं

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. राजकारण कसं बोलायचं, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. पारावर बसलं की सोसायटीपासून दिल्लीपर्यंत सगळ्यांची हजेरी निघते. त्यात आमच्या तात्यांचा, म्हणजे थोरल्या चुलत्यांचा, आवाज सगळ्यांत वर. कोण येणार, कोण पडणार, कुठल्या वाडीवर किती मतं, सगळं तोंडपाठ. पण मतदानाच्या दिवशी तात्या हमखास कुठंतरी गेलेले असायचे. कधी बाजाराला, कधी पाव्हण्यांकडं. विचारलं की म्हणायचे, "एका मतानं काय व्हतंय रं?"

आजी नेमकी उलटी. तिला राजकारणातलं काही कळत नाही, असं घरात सगळे धरून चालायचे. ती मात्र त्या दिवशी सकाळीच भाकरी उरकायची, धुतलेलं लुगडं नेसायची आणि शाळेपुढच्या रांगेत जाऊन उभी राहायची. शिक्का कशावर मारला, हे तिनं आज्यालासुद्धा कधी सांगितलं नाही. तिचं सगळं वागणंच तसं. उसनं आणलेलं पीठ दुसऱ्या दिवशी शिगोशीग माप भरून परत जायचं. म्हातारपणी तिनं बांधाला चिंच लावली. तात्या हसले, "आई, हिच्या चिंचा तू कवा खाणार?" ती म्हणाली, "म्या न्हाई खाल्ल्या म्हणून झाड लावायचंच न्हाई व्हय?"

पुढं कधीतरी वाचनात आलं. जेम्स फाउलर आणि सिंडी कॅम या अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी २००६ साली एक गोष्ट तपासली होती. थोडे पैसे लवकर हवेत की जास्त पैसे उशिरा, असं त्यांनी लोकांना विचारलं. ज्यांची थांबायची तयारी होती, ती माणसं मतदानातही पुढं दिसली. मला बांधावरची चिंच आठवली. मताचं तसंच आहे. रांगेतलं ऊन आजचं, आणि फळ आलंच तर काही वर्षांनी, तेही सगळ्या गावाला. बोलका स्वभाव वेगळा आणि धिराचा वेगळा. पारावर पहिला दिसतो, रांगेत दुसरा.

पण सगळं स्वभावावर ढकलून मोकळं होता येत नाही. आमच्या शेजारचं जोडपं ऊसतोडीला जातं. दोघंही आजीच्याच वळणाची. मुकादमाची उचल फिटल्याशिवाय त्यांनी कधी टोळी सोडली नाही. १३ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान होतं. तेव्हा ती गावातच होती आणि भर उन्हात दोघं रांगेत उभी राहिली. विधानसभेचं मतदान आलं २० नोव्हेंबरला. तोवर कारखान्यांचा हंगाम सुरू होऊन दोघं कोल्हापूरकडं फडात पोचली होती. मी फोन केला, तर भाऊ म्हणाला, "यायला एक दिस, जायला एक दिस. मुकादम खाडा धरतोय. कसं यावं?"

टपालानं मत द्यायची सोय सैन्यातल्या जवानांना आहे, निवडणुकीच्या कामावरच्या माणसांना आहे, ८५ वर्षांपुढच्या म्हाताऱ्यांना आहे. कोयत्याला नाही. त्यामुळं यादीत या दोघांच्या नावावर मत दिल्याची खूण नाही, आणि तात्यांच्याही नावावर नाही. नुसती यादी चाळणाऱ्याला तिघांचा स्वभाव एकच वाटेल.

पट्टा पडल्यावर दोघं गावी आली, तेव्हा निकाल लागून तीन महिने उलटले होते. बिऱ्हाड अजून उतरायचं होतं. निवडून कोण आलं, हे त्यांना फडातच कळलं होतं. वहिनींनी मला वेगळंच विचारलं, "भावजी, आमच्या नावावर दुसऱ्या कुणी बटण दाबलं न्हाई ना?"