अंजूरची खाडी आणि झंस्कारची हिमनदी

प्रवासाचे नाव काढले की आपल्या घरांतून ठरलेली ठिकाणे पुढे येतात. डिसेंबरात चैत्यभूमी, विजयादशमीला दीक्षाभूमी, मार्चमध्ये महाड, आणि ऐपत झाली की बुद्धगया. ही स्थळे आपल्या हक्काची आहेत. तेथे गेलेच पाहिजे. पण पाठीवर सॅक टाकून अनोळखी वाटेने पायी हिंडण्याची सवय आपल्यात फार थोड्यांना. आपले वाडवडील पोटासाठी कोसन्‌कोस चालले. हौसेने चालणे त्यांना कोठून परवडणार? अलीकडे मला मात्र तसे दोन प्रवास घडले. एक आमच्या अंजूरपासून खाडीकाठाने सोपाऱ्यापर्यंत, दुसरा लडाखमधील झंस्कारच्या हिमनदीपर्यंत. दोन्ही वेळी सोबती एकच होते, आणि ती ओळखही नवीच होती.

आमच्या मंडळाची सहल जानेवारीत कान्हेरी लेण्यांना गेली होती. तिसऱ्या लेण्यातील चैत्यापुढे एक गृहस्थ बराच वेळ बसून होते. बोलणे हिंदीत निघाले. ते झंस्कारमधील प्राथमिक शिक्षक. तिकडे हिवाळ्यात शाळांना लांब सुटी असते. त्या सुटीत ते महाराष्ट्रातील लेणी पाहत फिरत होते. मी त्यांना घरी घेऊन आलो. घरच्यांनी तांदळाची भाकरी आणि बोंबलाचे कालवण केले, आणि त्या रात्रीपासून ते आमचे ‘गुरुजी’ झाले. मला ते ‘बडे भाई’ म्हणू लागले.

अंजूर हे भिवंडी तालुक्यातील उल्हास नदीकाठचे गाव. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत गंगाजी नाईक अंजूरकरांनी मराठ्यांना साथ दिली, म्हणून इतिहासात गावाचे नाव आहे. उल्हास सह्याद्रीत राजमाचीच्या परिसरात उगम पावते. आमच्याकडे येईपर्यंत तिची खाडी झालेली असते. दिवसातून दोनदा भरती येते नि पाणी उलटे वर चढते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघे निघालो. पाणी, चादर, चणे-गूळ एवढेच सामान. काल्हेर, कशेळीपर्यंत जेथे वाट सापडेल तेथे बांधावरून, नाही तेथे रस्त्याने. खाजणाचे बांध, उघाड्या, तिवरांची दाट झाडी, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या हे सारे गुरुजींना नवे होते. उघाडी म्हणजे बांधातील झडप. ओहोटीला शेतातले पावसाचे पाणी बाहेर जाऊ द्यायचे आणि भरतीला खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही, हे तिचे काम. बांध फुटला आणि वेळेवर बांधला नाही, की भातशेती खारपट होते. अशी कितीतरी शेते आज पडीक आहेत. कित्येकांवर भराव पडून गोदामे उभी राहिली. आमची मुले तेथे हमाली करतात, पावत्या लिहितात. रोजगार मिळाला हे खरे. पण पुराचे पाणी ज्या खाजणात पसरून विसावत असे, ती जागा गेली. २६ जुलै २००५ चा पूर उल्हासच्या काठावर कोण विसरेल?

कशेळीच्या पुलाजवळ गुरुजींनी ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावले. खारे लागताच ते हसले. लेहमध्ये वर्षाकाठी सरासरी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. आपल्याकडे पावसाळ्यातल्या एका जोरदार दिवसात तेवढा होऊन जातो. एवढे पाणी पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “बडे भाई, तुमच्याकडे पाण्याची पाळी कोण ठरवतो?” मी त्यांना २० मार्च १९२७ ची महाडच्या चवदार तळ्याची हकीकत सांगितली. ते पुढे बराच वेळ गप्पच चालत होते.

खारबावला एका परिचितांकडे मुक्काम केला. तेथे त्यांचा बांध फुटला. ते गारा समाजाचे, म्हणजे लोहाराच्या घरातले. लडाखमध्ये गारा, मोन आणि बेडा हे समाज कारागिरीवर नि वाजंत्रीवर जगत आले. लग्नकार्यात ढोल-सनई त्यांच्यावाचून होत नाही. पण पंगतीत बसण्याचा क्रम ठरलेला, आणि त्यांची जागा शेवटची. १९८९ साली शासनाने तिघांनाही अनुसूचित जमातींच्या यादीत घातले, तरी पंगत बदललेली नाही. गुरुजींनी ‘बुद्ध और उनका धम्म’ हिंदीतून वाचले होते. बाबासाहेबांच्या माणसांत पंगत कशी बसते हे पाहावे, हाही त्यांच्या येण्याचा एक हेतू होता. जेथे घरोघरी बुद्धमूर्ती तेथे हा भेद नसणार, असे आपण येथे बसून समजतो. मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी कामणमार्गे चालून आम्ही सोपारा गाठले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूप उकरला. आत दगडी करंडा, त्यात एकात एक ठेवलेल्या डब्या, मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे, सोन्याची फुले आणि बुद्धांच्या आठ लहान कांस्यमूर्ती सापडल्या. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावला सापडला. आठवा लेख प्रवासाविषयीच आहे. पूर्वीचे राजे शिकारीसाठी, मौजेसाठी दौरे काढीत. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीला गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. श्रमण-ब्राह्मणांना भेटणे, वृद्धांना साहाय्य करणे, खेड्यापाड्यांतील जनतेला भेटून धम्माची विचारपूस करणे, असे त्या यात्रांचे स्वरूप लेखात दिले आहे. स्तूपाच्या पायरीवर बसून मी अर्थ सांगितला. गुरुजी म्हणाले, “मग आता तुम्ही आमच्या खेड्यात या.”

जुलैत अर्जित रजा घेऊन मी गेलो. जम्मूपर्यंत रेल्वे, पुढे श्रीनगर, झोजिला, कारगिल. कारगिलला दोन दिवस थांबून पातळ हवेची सवय करून घेतली. ही काळजी प्रत्येकाने घ्यावी. तेथून पदुमच्या रस्त्यावर पेन्सी ला ही सुमारे १४,४०० फुटांवरची खिंड लागते. खिंडीच्या पलीकडे द्रांग-द्रुंग हिमनदी दिसते. डोंगरांतून वळत आलेला पांढरा महामार्गच जणू. सॅक घेऊन दगडगोट्यांतून उतरत आम्ही तिच्या मुखाकडे गेलो. जवळून ती पांढरी नाही. धुळीने काळवंडलेली, मध्ये निळ्या भेगा. पुढे वितळलेल्या पाण्याचे तळे. आतून कडकड असा आवाज येतो. हिच्याच पाण्यातून स्तोद नदी निघते, पुढे झंस्कार होते आणि सिंधूला मिळते.

मी बी.कॉम. झालेला कारकून, मला जमाखर्चाच्या भाषेत कळते. हिवाळ्यात पडणारे बर्फ ही जमा, उन्हाळ्यात वितळते तो खर्च, आणि शतकानुशतके साठलेला बर्फ हे मुद्दल. आता हवा तापली, खर्च जमेपेक्षा वाढला. मुद्दल मोडून खाणे सुरू आहे. काही वर्षे नदीला पाणी जास्तच दिसते. नंतर खाते रिकामे होते. झंस्कारमधील कुमिक गावाला वरच्या बर्फाचे पाणी पुरेनासे झाले, तेव्हा गावकऱ्यांना गावच दुसरीकडे हलवण्याचे ठरवावे लागले. लोक स्वस्थ बसलेले नाहीत. चेवांग नोरफेल या अभियंत्याने १९८७ पासून ओढ्यांचे पाणी सावलीत अडवून, गोठवून कृत्रिम हिमनद्या केल्या. त्यांना २०१५ साली पद्मश्री मिळाली. पुढे पाइपने आणलेले पाणी थंडीत उडवून शंकूसारखे गोठवण्याची युक्ती निघाली. त्याला तेथे ‘बर्फाचा स्तूप’ म्हणतात. तो पेरणीच्या दिवसांत हळूहळू वितळतो.

गुरुजींच्या गावात पाण्याची पाळी पाहणारा माणूस गाव नेमते, त्याला चुरपोन म्हणतात. पाळी शेताप्रमाणे. ज्याची जमीन थोडी, त्याची पाळीही थोडी. मुद्दल संपत आले की पहिली कात्री कोणाला लागेल, हे सांगायला नको.

गावात एक जेवण होते. पाहुणा म्हणून मला वरची जागा दिली. मी उठून शेवटी गुरुजींजवळ जाऊन बसलो. कोणी काही बोलले नाही; चहा फिरत आमच्यापर्यंत आला. रात्री गुरुजींच्या आई मला म्हणाल्या, “बाळ, तू उद्या जाशील. आम्हाला येथेच राहायचे आहे.” त्यांच्या बोलण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. गुरुजी मात्र शांतपणे म्हणाले, “आई, शाळेत मी मुलांना हजेरीपटाच्या क्रमाने बसवतो. पाच वर्षे झाली. अजून कोणाचा बाप भांडायला आला नाही.”

वाचकहो, झंस्कार सर्वांना जमणार नाही. नालासोपारा जमेल. स्टेशनच्या पश्चिमेकडून रिक्षाने स्तूपाला जाता येते; अशोकाच्या लेखाचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मुलांना आठव्या लेखाचा अर्थ आधी घरी सांगा, मग घेऊन जा. खाडीकाठाने चालताना उघाड्या दाखवा. आणि ज्या गावी जाल तेथे डोंगर, पाणी, लेणी पाहाच. पण पंगतीत कोण कोठे बसले आहे, तेही पाहून या.